प्रार्थनेत तक्रारीलाही जागा आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वाईट विचार झटकून मन ताजेतवाने कसे ठेवावे, यावर एक लेख आला होता. त्यात प्रार्थनेची शिफारसही होती: सकाळी थोडा वेळ प्रार्थना करा, दिवसभर मनात चांगलेच विचार येतील. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मी ख्रिस्ती घरात वाढले आणि नोकरीची सगळी वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली, त्यातल्या पुष्कळशा रात्रपाळ्या. रात्री दोन-अडीचला वॉर्डात डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाला ‘झटकून टाका’ म्हणून काही उपयोग नसतो. मुलीचे लग्न, सावकाराचे पैसे, उद्याचे ऑपरेशन, सगळे पुन्हा उशाशी येऊन बसते.

मनाचे नवीकरण हे शब्द आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वरचेवर कानावर पडतात. बायबलमध्ये, येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ते आहेत. ते कसे करायचे, याचा त्यातल्या त्यात सरळ हिशोब मला त्याच्याच फिलिप्पैकरांस पत्रात सापडतो, चौथ्या अध्यायात. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. आपण जगणार की मरणार, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हते. तिथे तो म्हणतो, चिंताक्रांत होऊ नका, आपली मागणी देवाला कळवा. मग देवाची शांती तुमचे मन राखील. आणि त्यानंतर: जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचे मनन करा. हा क्रम पाहा. आधी कळवणे, मग शांती, आणि मनन सगळ्यात शेवटी. पुरवणीतल्या लेखाने (आणि खरे सांगायचे तर आमच्याकडच्या बऱ्याच उपदेशांनीही) शेवटची पायरी तेवढी उचलली. आधीची ‘कळवणे’ ही पायरी गाळली की उरते ती नुसती मनाची दामटादामटी.

हे कळवणे मी पाहिले ते आजीकडे. श्रीरामपूरजवळच्या आमच्या वस्तीवर रोज संध्याकाळी दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना असे. एक गीत, बहुधा ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, मग एक स्तोत्र, मग आजीची प्रार्थना. ती काही गोड नसे. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, आजारी बैल, कारखान्याने अजून न दिलेले उसाचे पैसे, शेजारणीशी झालेले भांडण आणि त्यात शेजारीणच कशी चुकीची आहे, हे सगळे ती नावगावासकट देवाला सांगे. आम्ही मुले हसू दाबत बसायचो. पण भांडणाचे सांगता सांगता तिचा आवाज हळूहळू बदलत जाई आणि शेवटी ती शेजारणीच्या मुलाच्या परीक्षेसाठीही मागणे मागे. देवाला ऐकवायचे म्हटल्यावर आपले गाऱ्हाणे आपल्यालाही ऐकू येते. विचार पालटण्याचे मी पाहिलेले सर्वांत साधे उदाहरण हेच.

स्तोत्रसंहिता हे बायबलमधले प्रार्थनागीतांचे पुस्तक वाचले तर तिथेही हेच दिसते. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ या धोशाने होते. बेचाळिसाव्यात गाणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळत आहेस? आणि देवाची आशा धर, असे त्यालाच बजावतो. तेवढ्याने भागत नाही. तेच बोल त्या स्तोत्रात पुन्हा येतात आणि त्रेचाळिसाव्यात तिसऱ्यांदा. एकदा म्हटले आणि मन हलके झाले, असा दावा तिथे नाही. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे, कोणी काढून टाकले नाही.

आता थोडे आमच्या माणसांविषयी. उदास झालेल्याला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे आमच्याकडे आहेत. गोळ्या बंद कर, फक्त प्रार्थना कर, असेही मी वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडून ऐकले आहे आणि तिथल्या तिथे त्यांना व्हरांड्यात नेऊन चार शब्द सुनावलेही आहेत. अशांनी बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली बसतो, आता मरण दे म्हणतो आणि झोपी जातो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, त्याला पुन्हा झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला घालतो. देवाशी बोलणे त्यानंतर होते. परिचारिका म्हणून मला ही कथा फार आवडते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमात असेच केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या बायका-मुली आणल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातल्या भटकंतीत गमावले होते, त्यामुळे भुकेल्या माणसाचे मन त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तिथे प्रार्थना होती आणि तिच्या जोडीला जेवण, शाळा, शेती, विणकाम, छापखानाही होता. ज्यांना कोणी माणसात धरत नव्हते, त्या बायका तिथे शास्त्र वाचू लागल्या, छपाईचे खिळे जुळवू लागल्या. मन नवे होणे म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी केडगावकडे बोट दाखवीन.

म्हणून दोन विनंत्या. मनाच्या आरोग्यावरचा लेख छापाल तेव्हा त्याच्याखाली टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. फोन विनामूल्य आहे. आणि हे पत्र वाचणाऱ्या पाळकांनी तोच क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर, उपासनेच्या वेळांच्या शेजारी लावावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर