वहिनी, कीबोर्डला हात न लावल्याबद्दल थँक्यू

वहिनी,

समोर येऊन बोलायला गेलो तर तुम्ही "बास झालं भाऊजी, चहा घ्या" म्हणून विषय संपवणार, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहायलोय. आपल्या उदगीरच्या गल्लीत तुमची ओळख एवढीच, "पुण्याची सून, दिवसभर लॅपटॉप घेऊन बसती". त्या लॅपटॉपवर तुम्ही काय करता ते आता तरी कळू द्या लोकांना.

आधी ज्यांच्यामुळं तुमच्या ओट्यापर्यंत यावं लागलं त्यांचं सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. आमचा प्रोजेक्ट काय लई मोठा नव्हता, आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम चढवता येणाऱ्या छोट्या बोर्डवर, एलईडी चालू-बंद करायचा आन पुढं त्याच जागी पंपाचा रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा स्विच, लावायचा. मधे थांबायला रिकामा फॉर लूप टाकलेला, आत काहीच नाही, नुस्तं मोजत बसायचं. लॅबमध्ये ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरनं (आपला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामनं) कोड आपोआप आटोपशीर करणं, बंद असायचं तिथं एलईडी झकास लुकलुकायचा आन घरी ते चालू, तिथून प्रोग्राम चढवला की लुकलुकणं गायब, एकसारखा मंद उजेड. सर म्हणले आयसी (बोर्डवरची चिप) गेलाय, बदल. लातूरहून नवा आणला, पुन्हा तेच. दुसरे सर म्हणले कोडमध्ये लूप दिसतोय ना मग झालं, कंपायलर आत काय करतो ते तुला काय करायचंय, परीक्षेत येत नाही ते. आणि ज्या ऑनलाइन क्लासची फी पप्पांनी सोयाबीनच्या पट्टीतून भरली, त्यांना डाऊट विचारला की "मॉड्यूल पुन्हा बघा" एवढाच मेसेज, तो बी बहुतेक आपोआप जाणारा.

गंमत म्हणजे असेंब्ली, प्रोसेसरच्या एकेका सूचनेची भाषा, आम्हाला सिलॅबसलाच होती राव! 8086, म्हणजे 1978 सालची चिप, तिच्यावर दोन आकड्यांची बेरीज पाठ, फ्लॅग रजिस्टरची आकृती पाठ, जर्नल एकमेकांचं बघून पूर्ण. पण आपण सी मध्ये जे लिहितो त्याचीच शेवटी असेंब्ली होते, ती फाइल उघडून आपल्याला वाचता येते, हे वर्षभरात एकानं तोंडातून काढलं नाही. सी चे सर वेगळे, मायक्रोप्रोसेसरचे वेगळे, एकमेकांचा विषय एकमेकांच्या कानावर सुद्धा जात नसावा.

आता तुमचं. लाइट गेली म्हणून तुम्ही बाहेर येऊन बसला होता आन मी तुमच्यापुढं रडगाणं गायलं. कोडवर तुम्ही एक नजर टाकली, आणि आता मला पक्कं माहितीय की तुम्हाला त्याच सेकंदाला सगळं कळलं होतं. "व्होलाटाइल लावा" एवढं म्हणला असता तर माझं काम झालं असतं, मी मान हलवून घरी गेलो असतो आन होतो तसाच कोरडा राहिलो असतो. तुम्ही म्हणलात, बोर्ड ठेवा बाजूला, दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहा आणि जीसीसी कंपायलरला सांगा असेंब्ली झाली की थांब.

आणि मग तुम्ही दोन्ही हात मांडीखाली घालून बसलात. मे महिन्यात उदगीरला कुणाला थंडी वाजत नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणलात "मोकळे ठेवले की कीबोर्डवर जातात, सवयच आहे त्यांना." वहिनी, मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच बगा. आजपर्यंत ज्यानं ज्यानं मला कॉम्प्युटरवर कायतरी शिकवलं त्यानं आधी माझ्या हातातून माऊस काढून घेतला, खटाखट काहीतरी केलं आन "कळलं का?" विचारलं. कळलं नाही म्हणायची सोय नसायची तिथं. तुम्ही मात्र मी एक अक्षर शोधायला कितीही वेळ लावला तरी गप. मी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं तरी गप, निस्तं "हं, मग पुढं?"

फाइल उघडली तर मला फेसच आला, तीन ओळींच्या फंक्शनला एवढा कचरा. टिंबानं सुरू होणाऱ्या ओळी सध्या सोडा म्हणलात, त्या असेंब्लरसाठी असतात, प्रोसेसरसाठी नाहीत, मात्र शेवटी कोलन असलं तर ती जागेची खूण, तिथं उडी मारून येतात, ती सोडू नका. एवढं केल्यावर फाइल केवढीशी राहिली! ईडीआय, ईएसआय ही रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे; पहिला आकडा ईडीआयमध्ये येतो, दुसरा ईएसआयमध्ये, ते दोन्ही उचलून मेमरीत ठेवलेले, आरबीपी रजिस्टरमधल्या पत्त्याच्या 4 बाइट खाली एक आन 8 बाइट खाली एक. आणि लगेच पुढच्या ओळीत तेच दोन्ही परत रजिस्टरमध्ये आणलेले, मग बेरीज, उत्तर ईएएक्समध्ये. मी म्हणलं हे येडं हाय का, आत्ताच ठेवलं ना, लगेच परत कशाला काढायलंय? तुम्ही हसलात आन म्हणलात आता ओ-टू लावा, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू करा. तर काय, दोनच ओळी! एक ली, एक रेट (फंक्शनमधून परत जायची सूचना). ती ली खरं तर पत्ता काढायची सूचना, पण दोन रजिस्टर मिळवून उत्तर तिसऱ्यात टाकता येतं म्हणून कंपायलरनं ती बेरजेला जुंपली. मेमरीला कुठंच हात नाही.

मग तो माझा लूप. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून बघितला तर मी लिहिलेलं "100000 पेक्षा लहान" आन तिथं दिसतंय 99999 शी तुलना, लहान किंवा बरोबर असंल तर वर उडी. ते बघून मला उगंच लई भारी वाटलं, कुणीतरी माझं लिहिणं नीट वाचून आपल्या पद्धतीनं मांडल्यासारखं. पुन्हा ओ-टू लावलं. लूपच नाही! नुस्तं रेट. मी फाइल वर-खाली करून शोधायलो, बॅटरी संपत आलेली, तुम्ही तशाच हात दाबून बसलेल्या. कंपायलरच्या हिशोबात बाहेर काय दिसतं तेवढंच धरतात, किती वेळ लागला ते धरत नाहीत, रिकाम्या लूपनं बाहेर काहीच बदलत नाही म्हणून त्यानं तो काढून टाकला, हे शेवटी मीच मोठ्यानं बोललो, तुम्ही नाही. आयसी बिचारा चांगला होता, दोन्ही बी.

व्होलाटाइल तुम्ही त्यानंतर सांगितलं. ह्या व्हेरिएबलला प्रत्येक वेळी खरोखर हात लावलाच पाहिजे असं कंपायलरला बजावायचं, मग लूप जागेवर राहतो.

दहानं भागायचं तर व्हॉइस नोटवर झालं. अनसाइन्ड (उणे नसणाऱ्या) आकड्याला 10 नं भागलं तर असेंब्लीत भागाकारच नाही, 3435973837 नं गुणाकार आन 35 बिट उजवीकडं सरकवणं. मी रात्री विचारलं हा आकडा कुठनं आला, तुम्ही उलटं विचारलं 2 चा 35 वा घात किती. कॅल्क्युलेटरवर 34359738368 आलं, त्याला 10 नं भागलं तर 3435973836.8, वरच्या पूर्ण आकड्याला नेलं की झालं, कारण 35 बिट सरकवणं म्हणजे त्याच घातानं भागणं. भागाकाराला प्रोसेसरचा वेळ जास्त जातो म्हणून हा उद्योग. मी एकटाच खोलीत ओरडलो, आईला वाटलं रिझल्ट लागला.

मला आता असं वाटायलंय की माहिती असणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत, पण समोरच्याला त्याच्या चालीनं चालू देणारी लई कमी. एसटी स्टँडवर एखादा म्हातारा असतो बगा, निलंग्याची गाडी कुठली विचारलं तर नुस्तं बोट करत नाही, गाडी लागेपर्यंत आपल्या बाजूला उभा राहतो, त्याला स्वतःला कुठंतरी जायचंच असतं तरी. त्याला कुणी सर म्हणत नाही, त्याच्याकडं सर्टिफिकेट नाही. आणि ज्यांना महिन्याला पगार हेच सांगायचा मिळतो ते "परीक्षेत येत नाही" म्हणून मोकळे. तुमची तर दिवसभर मीटिंग, घरात सासूबाईंचं पथ्यपाणी, त्यात माझा तास. एकदा बी चेहऱ्यावर आलं नाही.

प्रोजेक्ट झाला, रिले नीट चालायलाय. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी आयसीचे पिन विचारले, असेंब्लीचं काही नाही, ते असो.

आता एक नवीन निघालंय. मेन मध्ये एकच इंट (पूर्णांक) घेतला, 4 बाइटचा, आणि छापायच्या प्रिंटएफला बोलावलं, तर सुरुवातीला आरएसपीमधून, म्हणजे स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरमधून, चांगले 16 वजा केलेले दिसायलेत. मला वाटतंय ते स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) 16 च्या पटीत ठेवायच्या नियमामुळं असंल, पण मी अजून कागदावर मोजून बघितलं नाही. रविवारी तुमची झोप झाल्यावर येतो, लॅपटॉप चार्ज करून आणतो. बरोबर असलं तरी लगेच सांगू नका.

तुमचा,
पलीकडच्या घरातला भाऊजी