जुन्या पद्मिनीचे खाली जाणारे ब्रेक पेडल

महोदय,

काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईचा निरोप घेतल्यापासून खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनींचे कौतुक वाढले आहे. वर्तमानपत्रांतून त्यांच्या रंगाची आणि चकचकीत बंपरची छायाचित्रे हौसेने छापली जातात, पण त्यांच्या ब्रेकविषयी क्वचितच काही वाचायला मिळते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीच्या मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून ‘शू’ दाबून गाडी थांबवणारे. पेडल बरेच खाली गेल्यावरच ब्रेक लागणे आणि दोन-तीनदा मारल्यावर मात्र पेडल वर येणे, ही तक्रार इतकी सर्रास आढळते की पुष्कळ मालक तिला जुन्या गाडीचा स्वभावच समजतात. गॅरेजमध्येही बहुधा आधी ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढली जाते आणि त्याने भागले नाही की पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर बदलला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

वर आलेले पेडल पायाला कडक लागत असेल, तर दोष बहुधा हवेचा नसून शू आणि ड्रम यांच्यातील वाढलेल्या अंतराचा असतो. शूवरचे लायनर (घासून ब्रेक लावणारे अस्तर) झिजत जातात तसे शूंना ड्रमपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त ब्रेक ऑइल लागते आणि तेवढे पेडल खाली जाते. चाक जॅकवर उचलून, बॅकप्लेटवरील (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावरील) अॅडजस्टरने शू ड्रमला टेकवून, मग चाक जेमतेम मोकळे फिरेल इतकेच मागे घेणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. तरीही फरक पडला नाही, तर ड्रम कितीदा लेथवर घासून घेतला आहे हे पाहावे; वाढलेल्या व्यासाच्या ड्रमला मूळ मापाचे लायनर पूर्ण टेकत नाहीत, आणि ही गोष्ट फार थोडे कारागीर तपासतात. पेडलचा दाब मास्टर सिलेंडरपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे पुशरॉडचा, फाजील मोकळेपणाही पेडलपाशी कित्येक पटींनी वाढून जाणवतो. मात्र तो पूर्णपणे नाहीसा करू नये, कारण मग ऑइल परतण्याचे छिद्र बंद राहून ब्रेक धरून राहतात व तापतात.

पेडल स्पंजासारखे लागत असेल तर हवा काढावी. त्या वेळी पेडल तळापर्यंत दाबू नये, खाली लाकडी ठोकळा ठेवावा. जुन्या सिलेंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज साचलेला असतो आणि त्यावरून घासला गेला की आतला ऑइल अडवणारा रबरी कप फाटतो. अशा रीतीने हवा काढतानाच सिलेंडर निकामी होतो आणि दोष मात्र त्याच्या वयाला दिला जातो. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर गाडी चालवूच नये. व्हील सिलेंडर (चाकातले शू ढकलणारे), होजपाइप किंवा सांध्यांतून कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरचा कप आतल्या आत ऑइल सोडत आहे असे समजावे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांसाठी ब्रेक ऑइलचे एकच सर्किट असल्यामुळे तो कप गेला की एकाही चाकाला ब्रेक उरत नाही. अशा गाडीत दोनदा पेडल मारून काम भागवण्याची सवय समोर अचानक कोणी आडवे आले तर किती महागात पडेल, याचा विचार मालकांनी करावा.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. पद्मिनीची पूर्वज फियाट ११०० डिलाइट या वयोगटात केव्हाच आली आहे, पद्मिनीही येत आहे. या नोंदणीच्या वेळी, तसेच पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांच्या नूतनीकरणाच्या वेळी, परिवहन अधिकाऱ्यांनी पेडल एकदाच दाबून ते कुठे थांबते आणि दाबून धरल्यावर तिथेच राहते का, एवढे आवर्जून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

आपला,
एक पद्मिनीमालक, पुणे