ट्रकची चासी वळते, मग हिची का नको?

डेट्रॉईटजवळ, मिशिगन
२० मे, रात्री

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू ठसक्यात विचारलंस, "ट्रकची चासी मुद्दाम वळती ठेवतात, वेल्डिंगऐवजी रिव्हेट ठोकतात, आणि तू शहाणा तुझ्या जुन्या गाडीची बॉडी ताठ करायला निघालास?" तेवढ्यात तुझ्याकडे उसाची ट्रॉली आली आणि फोन बंद. उत्तर तोंडातच राहिलं, म्हणून हे पत्र.

ट्रकचं तुझं बरोबर आहे. फडातून बाहेर पडताना एक चाक खड्ड्यात, दुसरं बांधावर. पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, इतके कडक की ते फारसे दबत नाहीत. चासी थोडी पिळली तरच चारी चाकं जमिनीला टेकतात. तिथे चासी पाट्यांच्या कामाला हातभार लावते. माझ्या गाडीतही नेमकं तेच होत होतं, पण तिथे ते कुणालाच नको होतं.

गाडी तुला फोटोत माहीत आहेच: १९६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ क्युबिक इंच म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-आठ इंजिन. (इथले कर्मठ लोक हिला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणू देत नाहीत, 'पोनी कार' म्हणा म्हणतात. खुशाल म्हणोत.) पाँटिअॅक जीटीओसारख्या अस्सल मसल कारला खाली वेगळी चासी असते. मस्टँगला ती नाहीच; आपल्या पद्मिनीसारखं अख्खं पत्र्याचं खोकं. पुढचे दोन रेल, म्हणजे खालचे लांब पोकळ दांडे, ड्रायव्हरच्या पायाखाली संपतात, मागचे मागच्या सीटच्या आसपास सुरू होतात. मधला सगळा भार फरशीवर आणि दाराखालच्या उंबऱ्यांवर, आणि फरशीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर!

यात फोर्डला दोष देता येत नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मस्टँग आणली ती फाल्कनच्या सांगाड्यावर, आणि १९६० ची फाल्कन म्हणजे २.४ लिटर, ९० हॉर्सपॉवरची संसारी गाडी. तेवढ्याला ते खोकं पुरून उरायचं. शिवाय तेव्हाच्या जुन्या घडणीच्या (बायस-प्लाय) टायरची पकड इतकी कमी की बॉडीला पीळ पडण्याआधी चाकच घसरायचं. आता आम्ही आजकालचे रेडियल टायर घालतो, ते रस्ता सोडत नाहीत आणि सगळा जोर त्या पत्र्यावर येतो.

मी काय केलं ऐक. पहिली दोन वर्षं कडक स्प्रिंगा आणि महागडे शॉकअप घालण्यात घालवली. गाडी सुधारायच्या ऐवजी डॅशबोर्ड खडखडायला लागला. स्प्रिंग दबत नाही म्हटल्यावर तो धक्का बॉडी खायला लागली. बॉडी वाकली की तीही स्प्रिंगच, फक्त तिला आवरायला शॉकअप नाही. वळणावर गाडी आधी पिळायची, मग वळायची. तुझ्या ट्रकला हे चालतं, कारण तो शंभरच्या वेगाने वळत नाही. (तुझे गिऱ्हाईक सोडून.)

खात्री हवी तर अगरबत्तीचा लांबट पुडा घे. दोन्ही टोकं झाकलेली असताना पीळ, जागचा हलणार नाही. आता एका कडेने ब्लेडने उभा चिरून पुन्हा पीळ. पुठ्ठा तोच, पण हातात लुळा पडेल. बंद पेटी आणि उघडं चॅनेल यांतला फरक एवढाच आणि एवढा मोठा. फोर्डलाही हे ठाऊक होतंच: छप्पर उघडणाऱ्या मस्टँगला त्यांनी उंबऱ्यांच्या आत जादा पत्रा दिला, सीटखालीही आधार दिले. छप्पर गेलं तरी ती गाडी साध्या मस्टँगपेक्षा जडच.

तर मी दोन इंची चौकोनी पाईप आणले, जाडी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुढच्या रेलपासून मागच्या रेलपर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक, दोन्हींचं मिळून वजन ११-१२ किलो. पण वेल्डिंगला चांगला पत्रा तर हवा! काचेखालच्या पन्हाळीत पाणी साचून फरशीवर ठिबकतं, त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. (डेट्रॉईटच्या पोटातच मिठाची खाण आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही.) ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. दोन महिने फरशीच शिवत बसलो.

मग तो गाढवपणा. गाडी मधोमध घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली आणि डावा पाईप झटक्यात वेल्ड करून टाकला. पुढे इंजिन लोंबकळतंय, मागे डिकी, म्हणजे दोन्ही टोकं खाली वाकलेली, आणि मी ती तशीच कायमची बांधली. खाली उतरवल्यावर डावं दार लागेना! वर फट रुंद, खाली पत्रा घासतोय. तू असतास तर आधी हसला असतास आणि मग ग्राइंडर हातात दिला असतास. इथे हसायला कुणी नव्हतं, ग्राइंडर मात्र मीच धरला.

दुसऱ्या वेळी गाडी चारी चाकांवर, रॅम्पवर, दारं लावून, फटी मोजून. एका बाजूला इंचभर टाका, मग दुसऱ्या बाजूला, मधे चहा. एका दमात ओढलं की पत्रा ओढला जातो हे तुझंच वाक्य, तीस वर्षं डोक्यात होतं, हातात यायला गाडी कापावी लागली.

पुढचं काम त्यामानाने सोपं. या गाडीत पुढची स्प्रिंग चाक धरणाऱ्या वरच्या आर्मवर बसते, म्हणून सगळा मार शॉकच्या टॉवरवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या खांबांवर. वर्षानुवर्षांच्या माराने ते इंजिनकडे झुकतात. दोन्ही टॉवर काचेखालच्या भिंतीला बांधणारा 'एक्सपोर्ट ब्रेस' आणि इंजिनवरून आडवा जाणारा 'माँटे कार्लो बार' असे दोन तुकडे मिळतात; १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० ला, म्हणजे मस्टँगच्याच शर्यतीच्या अवताराला, ते कारखान्यातूनच असायचे. माझ्या बारची भोकं जुळेनात, टॉवर आत आलेले. शेवटी मधे आडवा जॅक लावून हळूहळू रेटले, तेव्हा बोल्ट बसला.

काल पुढचा एक कोपरा जॅकने उचलला आणि दार उघडलं. आधी अशा वेळी ते अडकायचं, खांदा लावावा लागायचा. आता एका बोटाने उघडलं आणि लागलंही. मी ते दहा-बारा वेळा केलं. बायको खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा असतो, तिथे नेणार आहे. तोपर्यंत मागचे पाटे बदलायचेत. त्यांच्या बुशांना (टोकाच्या भोकातल्या नळ्यांना) तू ट्रॉलीला काय लावतोस, ग्रीस की काहीच नाही, ते कळव. काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार, आणि पोरांना सांग की काकाने गाडी कापली होती, पण पुन्हा जोडली.

तुझा,
पम्या