डिस्चार्जच्या सहीला संरक्षण हवं, पण अटीवर

संपादक महोदय,

मनोरुग्ण विभागात पेशंट सुधारतो तरी घरी जायला उशीर का होतो यावर फारसं कोणी लिहीत नाही. मी अशाच विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. नातेवाईक न्यायला येत नाहीत हे कारण आहेच, पण दुसरं कारण म्हणजे सहीची भीती. सोडलं आणि उद्या त्याने जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर डिस्चार्ज कोणी दिला म्हणून बोंब, ठेवून घेतलं तर डांबून ठेवलं म्हणून तक्रार.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधलं कलम 89 बघा. मनाविरुद्ध अॅडमिट करायचं तर पेशंटच्या वतीने नेमलेल्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, एक सायकियाट्रिस्ट आणि आणखी एक डॉक्टर किंवा तज्ज्ञ अशा दोघांनी वेगवेगळं तपासायचं, 30 दिवसांची मर्यादा, आणि अशा अॅडमिशन तपासणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाला 7 दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांतच. कायदा मोडला तर पहिल्याच वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे हवंच, प्रॉपर्टीच्या भांडणात माणसाला वेडं ठरवायला बघणारे घरचे लोक असतात.

म्हणून सरसकट संरक्षण मी मागत नाहीये. पेशंटचं तोंडही न बघता सही करणाऱ्याला ते अजिबात नको. पण ज्याने त्या दिवशी समोर बसवून जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारलं, घरी गोळ्या कोण देणार, झोप उडाली तर कोणाला फोन करायचा, पुढची तारीख कधी हे सगळं फाइलला लिहिलं आणि मग सोडलं, त्याला नंतर घडलेल्या गोष्टीवरून आरोपी का करायचं? पेशंटने आधी लिहून ठेवलेल्या निर्देशाप्रमाणे उपचार केले आणि अनपेक्षित काही झालं तर डॉक्टर जबाबदार नाही असं याच कायद्याचं कलम 13 म्हणतं, मग डिस्चार्जसाठी तसंच स्पष्ट कलम करायला काय हरकत आहे. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टानेही निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे असं सांगितलंय, पण कोर्टात ते सिद्ध होईपर्यंत माणूस पार खचून जातो.

आणि हे कलम फक्त डॉक्टरांपुरतं नको. रात्रपाळीची सिस्टर, सायकॉलॉजिस्ट, आम्ही समाजसेवावाले, आमच्या नोंदींवरच निर्णय होतात, आमची नावंही त्यात आली पाहिजेत.

आपली,
एक समाजसेवा अधीक्षक