पिचरचा वेग छापता, मग त्याने किती बॉल टाकले तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात आपल्या नवी मुंबईतल्या शाळकरी बेसबॉल निवडीची बातमी आली. आठ ओळींचीच होती पण आली, त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळातल्या पोरांना पेपरात नाव दिसणं म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरी असं पोरगं आहे त्यांनाच कळेल. आमच्या ताईने ती बातमी कापून फ्रीजवर लावलीय, आणि त्यात तिच्या मुलाचं नाव पण नाहीये, त्याच्या मित्रांची आहेत.

पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहायला बसलो. प्रत्येक पिचरच्या (बेसबॉलमधला बोलर) नावापुढे त्याचा वेग दिलाय, ताशी इतके किमी, ताशी तितके किमी, आणि बाकी काहीच नाही. स्ट्राइक (ठरलेल्या पट्ट्यातला म्हणजे झोनमधला, किंवा बॅटर चुकला तो बॉल) किती, वॉक (चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) किती, एकूण किती बॉल टाकले, काही नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराची सगळी किंमत त्या एका आकड्यात बसवली. तुमचा एकट्याचा दोष नाही, ज्यांनी निवड केली त्यांनी तुम्हाला हाच आकडा दिला असणार, कारण त्यांनी हाच मोजला.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत बरीच वर्षं नाइट शिफ्ट केली, आमचा क्लायंट पिट्सबर्गचा, तिथून बेसबॉलचं वेड लागलं. तिकडे संध्याकाळी सातला मॅच सुरू म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, शिफ्ट संपता संपता तीन-चार इनिंग बघून व्हायच्या आणि उरलेली मॅच घरी चहाबरोबर. टीम पिट्सबर्गची पायरेट्सच धरली, कारण २००८ मध्ये त्यांनीच आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला घेतलं होतं. दोघं उत्तर प्रदेशचे, भालाफेकवाले, आयुष्यात बेसबॉल हातात धरला नव्हता. जोरात आणि नेमका बॉल टाकायच्या स्पर्धेतून निवडले गेले, रिंकूचा बॉल ताशी ८७ मैल गेला म्हणजे आपल्या १४० किमीला. मला त्या दोघांचा अभिमान आजही आहे. पण पुढे काय झालं ते बघा, दिनेशला २०१० मध्ये सोडलं आणि रिंकू इतकी वर्षं घासूनही सिंगल-एच्या, म्हणजे मेजर लीग या सगळ्यात वरच्या लीगच्या कितीतरी खालच्या पायरीच्या, वर जाऊ शकला नाही. हात होता, मेहनत होती, पण पिचर म्हणून मॅचमध्ये घडायची वर्षं आधीच निघून गेली होती, ती नुसत्या वेगाने भरून निघत नाहीत.

तिकडे स्काउट लोक पोराला मार्क देतात ते २० ते ८० मध्ये, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. पण फास्टबॉलला वेगळे मार्क, स्लायडरला (आडवा वळणारा बॉल) वेगळे, चेंजअपला (फसवा स्लो बॉल) वेगळे, कंट्रोलला वेगळे. म्हणजे वेग ज्यात येतो तो फास्टबॉल हा त्यातला एकच रकाना. आणि एवढं सगळं करूनही त्यांचं चुकतं, भरपूर चुकतं.

टायलर ग्लासनोचं उदाहरण सांगतो, हे मी डोळ्याने बघितलंय. सहा फूट आठ इंच उंच पोरगा, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) पाचव्या फेरीत घेतलेला, वर येता येता सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव. २०१७ मध्ये पायरेट्सकडून ६२ इनिंग टाकल्या आणि ईआरए ७.६९, म्हणजे नऊ इनिंगमागे पावणेआठ रन त्याच्या खात्यावर, आणि त्याच वर्षी खाली इंडियानापोलिसला ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या एक पायरी खाली) त्याचाच ईआरए १.९३! तोच हात, तोच वेग, तेच वर्ष. खाली बॅटर झोनबाहेरच्या बॉलवर बॅट घालायचे, वर कोणी घालेना, मग वॉक, मग नाइलाजाने मधोमध बॉल, मग मार. २०१८ ला टीमने त्याला स्टार्टरवरून (मॅच सुरू करणारा पिचर) काढून बुलपेनमध्ये (मॅचच्या मधे येणारे राखीव पिचर) बसवलं, आपल्याकडे कसं मेन बोलरला अचानक दोन ओव्हरचा बोलर करून टाकतात तसंच. टीममधली पत गेली की पोराच्या खांद्यांवरूनच कळतं, माऊंडवर (पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा) येतानाच मान खाली. ३१ जुलै २०१८ ला ख्रिस आर्चर या पिचरच्या बदल्यात त्याला टँपा बे टीमला दिला, सोबत ऑस्टिन मेडोज आणि एकोणीस वर्षांचा शेन बाझ पण दिला. टँपाने काय केलं, तर लगेच परत स्टार्टर केला. २०१९ मध्ये त्याचा ईआरए १.७८. मला त्या वर्षी खूप वाईट वाटलं, आनंद पण वाटला, दोन्ही. पोरगा चांगला की वाईट हा प्रश्न नव्हताच, त्याला कोणत्या नजरेने बघताय हा प्रश्न होता.

अर्थात त्याच २०१९ च्या मे महिन्यात ग्लासनोचा हात दुखावला आणि फक्त १२ मॅच सुरू करता आल्या, आणि २०२१ मध्ये कोपराचं ऑपरेशन. पिचरचं हे असंच असतं. तिकडे जाणकारांमध्ये एक वाक्य फार चालतं की पिचिंग प्रॉस्पेक्ट (पुढे मोठा पिचर होणार असा पोरगा) म्हणून काही नसतंच, कारण कोपर कधी जाईल सांगता येत नाही. पायरेट्सचाच पिचर जेमसन टायऑन २०१० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर गेला, पुढे स्टार झालेल्या ब्राइस हार्परच्या मागे आणि मॅनी मचाडोच्या पुढे, आणि मेजर लीगमध्ये पहिली मॅच मिळाली जून २०१६ ला. मध्ये कोपराचं ऑपरेशन, मग हर्निया, दोन सीझन साफ गेले. २०१९ ला परत कोपर. पण तो टिकला, कारण त्या सहा वर्षांत टीमने त्याला टाकून दिलं नाही.

इथे लोकांचा एक गैरसमज असतो की पोरगा खाली पाठवला म्हणजे संपला. टीमच्या ४० जणांच्या यादीत आलेल्या पोराला साधारण तीन सीझन वर-खाली करता येतं, त्यानंतर खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या टीमना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. म्हणून कोण वर येतो, कोण ट्रिपल-एमध्ये वाट बघत बसतो, यात गुणवत्तेबरोबर कॅलेंडर पण असतं, कधीकधी मालकाचा हिशोब पण असतो, आणि तो मला बिलकुल पटत नाही. पण खाली पाठवणं म्हणजे अपमानच असं नाही. टोरोंटोचा पिचर रॉय हॅलडे, त्याचा २००० सालचा ईआरए १०.६४ होता, टोरोंटोने त्याला २००१ च्या सुरुवातीला थेट ए क्लासला पाठवला, हाताचा अँगल बदलून घेतला, पहिल्यापासून शिकवला आणि २००३ ला तो साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) घेऊन गेला. दहा पॉइंट चौसष्टवरून! आपल्याकडे असा पोरगा दुसऱ्या दिवशी किटबॅग उचलायला लावला असता.

वेगाचं म्हणाल तर क्रिकेटवाल्यांना उमरान मलिक आठवत असेल, २०२२ च्या आयपीएलमध्ये ताशी १५७ किमी, टीव्हीवर दर बॉलला तोच आकडा, लगेच भारताची कॅप, आणि २०२३ च्या वर्ल्डकपच्या टीममध्ये नाव नाही. त्या मुलाचा काही दोष नाही हो, आपण सगळ्यांनी मिळून त्याला एक आकडा करून टाकला होता.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे पत्र. माझा भाचा चौदा वर्षांचा, पिचिंग करतो. गेल्या हिवाळ्यात घणसोलीच्या एका मैदानावर निवड होती, मी सोबत गेलो होतो. माऊंड नव्हता, सपाट लाल मातीत रबराची पट्टी खिळे मारून बसवलेली, ते पण चालेल, पोरांची तक्रार नव्हती. सकाळी सातपासून रांग, नंबर लागला साडेदहाला, आणि प्रत्येकाला सहा बॉल. सहाच. कॅचरच्या (विकेटकीपर समजा) मागे एकजण रडार गन घेऊन, दुसरा पॅड घेऊन लिहिणारा. भाच्याने पाच फास्ट टाकले, बरे गेले, सहावा चेंजअप टाकला म्हणजे क्रिकेटमधला स्लोअर वन समजा, हात तेवढ्याच जोरात येतो पण बॉल अडकून अडकून येतो. समोर उभा केलेला बॅटर दहावीतला आडदांड मुलगा, त्याने इतक्या आधी बॅट फिरवली की स्वतःच गोल फिरून गुडघ्यावर बसला. मागे उभी असलेली पोरं ओरडली. गनवर आकडा अर्थातच कमी आला, लिहिणाऱ्याने तो कमी आकडा लिहिला आणि म्हणाला, पुढचा. त्या सकाळी बॅटरला असा फसवणारा दुसरा बॉल मी तरी पाहिला नाही.

भाचा ट्रान्स हार्बरच्या ट्रेनमध्ये एकच वाक्य बोलला, मामा मी सहावा पण फास्टच टाकायला पाहिजे होता ना? मला त्याला काय उत्तर द्यावं कळेना. कारण निवड व्हायची असेल तर त्याचं बरोबर होतं आणि पिचर व्हायचं असेल तर साफ चूक होतं.

ज्याची निवड झाली तो मुलगा पण गुणी आहे, उंच, हाताला जोर, त्याचे सहातले दोन कॅचरच्या डोक्यावरून गेले पण गनवर आकडा मोठा. त्याच्याबद्दल मला राग नाही, काळजी आहे. पुढच्या महिन्यात एकाच दिवशी दोन मॅच होत्या, दोन्हीत त्यालाच टाकायला लावलं, कारण "आपला फास्ट तोच आहे". मी कडेला बसून मोबाइलवर एकेक बॉल मोजत होतो. १३१. वॉर्मअप सोडून. शेवटच्या दोन इनिंगला तो प्रत्येक बॉलनंतर हात झटकत होता आणि कोपर पोटाशी धरत होता, आणि बाहेरून आवाज येत होते, जोर लाव जोर लाव. मॅच संपल्यावर त्याने पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडायचा प्रयत्न केला, जमेना, शेवटी भाच्याने उघडून दिली. तो उजव्या हाताचा आहे.

अमेरिकेत मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये पोरांसाठी पिच स्मार्ट नावाने मर्यादा ठरवून दिल्यात: ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ७५ बॉल, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५, आणि जितके जास्त टाकले तितके जास्त दिवस आराम. ही दिवसाची मर्यादा आहे, मॅचची नाही, दोन मॅच खेळला तर दोन्हीची बेरीज धरायची. याला ना पैसा लागतो ना मशीन, एक वही आणि एक जागं माणूस लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतः पिचर्सच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला, त्यात बोट ठेवलंय ते वेगाच्या मागे लागण्यावरच, लहानपणापासून प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकण्यावर. तिथला सरासरी फास्टबॉल २००८ ला ताशी ९१.३ मैल होता तो २०२४ ला ९४.२ झाला, आणि कोपरं त्याच हिशोबाने फाटतायत. जे ज्यांच्या अंगाशी आलंय तेच आपण आता नव्याने सुरू करतोय.

पॉल स्किन्सला तर ताशी १०० मैल सहज जातात, २०२३ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, पायरेट्सचं सोनं. ११ जुलै २०२४ ला मिलवॉकीत सात इनिंग एकही हिट दिली नव्हती, ११ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं (तीन स्ट्राइकवर आउट), नो-हिटर (आख्खी मॅच एकही हिट न देणं) समोर दिसत होता. ९९ बॉल झाले आणि मॅनेजरने काढून घेतला. माझे ऑफिसवाले चिडले, पिट्सबर्गवाले तर फारच चिडले, मला मात्र बघताना बरं वाटलं. बावीस वर्षांच्या, एवढ्या ताकदीच्या पोराचे ९९ मोजतात आणि आपण चौदा वर्षांच्या पोराचे १३१ झाले तरी मोजत नाही.

निवड करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, गन वापरा, पण सहा बॉलवर पोराचं वर्ष ठरवू नका. समोर बॅटर उभा करा, किमान वीस-पंचवीस बॉल टाकू द्या, दोन बॉल बाहेर गेल्यावर तिसरा तो कुठे टाकतो ते बघा, घाबरून मधोमध देतो का कोपऱ्यावर धाडस करतो. चूक झाल्यावर कॅचरकडे बघतो की आईबापांकडे, ते बघा. ज्याची निवड होणार नाही त्याला का झाली नाही ते दोन वाक्यांत सांगा, पोरं लहान असली तरी त्यांना कळतं, न सांगितलं तर मात्र ती स्वतःच काहीतरी चुकीचं ठरवून बसतात.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या वेळी पिचरच्या नावापुढे चार रकाने द्या: एकूण बॉल, स्ट्राइक, वॉक, आणि हवा तर वेग. पेपरात एकूण बॉल छापून येणार म्हटल्यावर कोचसुद्धा मोजायला लागतील. तुमच्याकडे माणूस नसेल तर ऐरोली ते वाशी पट्ट्यातल्या मॅचचे आकडे मी देतो, शनिवार-रविवार मोकळा असतो, भाचा पण येईल वही घेऊन, त्याला आता स्कोअरशीट भरता येते. रविवारी रात्री आठपर्यंत फोटो काढून पाठवला तर सोमवारच्या अंकाला चालेल का तेवढं कळवा.

आपला,
एक वाचक
ऐरोली, नवी मुंबई