‘हतबल’ नेमके कोण?

मुंबईच्या पुरावरील ‘निसर्गापुढे माणूस हतबलच’ हा लेख वाचला. हतबलता मान्य, पण लेखात ‘माणूस’ हा शब्द फारच सैल वापरला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, हे खरेच. मात्र त्याच्या कितीतरी आधी विमानतळाच्या धावपट्टीसाठी मिठी नदी काटकोनात वळवली गेली आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खारफुटीच्या दलदलीत भराव पडला. नदीवर हुकूमत गाजवण्याचे निर्णय घेतले एकांनी, पाणी शिरले दुसऱ्यांच्या घरांत. आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर राहतो. त्या वेळचे लोखंडी कपाट दोनदा रंगवले; तरी आत, लेकीच्या शाळेच्या दाखल्यांची फाईल ठेवायचो त्या कप्प्याला, चिखलाची रेघ अजून दिसते. (घरसामानाचा विमा असतो, हे आमच्या चाळीला तेव्हा ठाऊकही नव्हते.) लेखकाने मिठीच्या संरक्षक भिंतींचे कौतुक केले आहे. भिंतीच्या अलीकडे, वस्तीत साचणारे पाणी नदीत उतरणार कुठून, हेही त्यांनी लिहायला हवे होते.

— एक वाचक, कुर्ला