कोलंबसहून बाबांना: तीन क्वार्टरबॅक आणि एक संघ

कोलंबस, ओहायो
रविवार दुपार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एका पोरासाठी अख्ख्या संघाचा खेळ बदलायचा, हे कसलं कोचिंग? पोरानं संघाच्या खेळात बसायला नको का?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विषय तिथंच राहिला. अमेरिकन फुटबॉलकडे मी ओढली गेले ती याच गोष्टीमुळे, म्हणून उत्तर निवांत लिहायचं ठरवलं.

आधी खेळ थोडक्यात सांगते. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न. जवळजवळ प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन सुरू होतो. तो चेंडू शेजारच्या रनिंग बॅकला देतो, लांब पळणाऱ्या रिसीव्हरकडे फेकतो किंवा स्वतः घेऊन पळतो. त्याच्यापुढं पाच धिप्पाड लाइनमन समोरच्यांना अडवत असतात.

आता यातलं गणित बघा. चेंडू देऊन क्वार्टरबॅक नुसता उभा राहिला, तर एक पळणारा, एक उभा, अडवायला उरले नऊ. समोर मात्र अकरा. म्हणजे बचावाचे दोघे मोकळेच. पण क्वार्टरबॅक पळणारा असेल तर कोच टोकाच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणीच अडवायचं नाही असं ठरवतो. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो आणि त्या गड्याकडे बघत राहतो. तो रनिंग बॅकवर धावला, तर चेंडू मागे ओढून आपण त्याच्या रिकाम्या जागेतून पळायचं. तो जागेवर थांबला, तर चेंडू देऊन टाकायचा. त्या गड्यानं काहीही केलं तरी ते चूकच ठरतं. याला इथं झोन रीड म्हणतात. गणित सोपं आहे, पण ते जमवणाऱ्या क्वार्टरबॅकचे पाय खरोखर भीती वाटावी असे पाहिजेत. नाहीतर टोकाचा गडी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता रनिंग बॅकला पाडतो.

इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचा २०१४ चा मोसम म्हणजे याच प्रश्नाची परीक्षा होती. आमच्या लॅबमधले जुने लोक आजही त्या वर्षाबद्दल बोलायला लागले की जेवणाची सुट्टी पुरत नाही. कोच अर्बन मायर, आणि आक्रमणाची आखणी टॉम हर्मनकडे. क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर, २०१२ आणि २०१३ अशी दोन्ही वर्षं बिग टेन, म्हणजे ओहायो स्टेट ज्या लीगमध्ये खेळते तिच्यातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. त्याचे पाय असे की समोरच्याला तो कुठं वळणार याचा पत्ता लागत नसे. मोसम सुरू व्हायच्या थोडं आधी, ऑगस्टमध्ये, त्याचा खांदा गेला. पूर्ण वर्ष गेलं.

त्याच्या जागी आला जे. टी. बॅरेट, महाविद्यालयीन सामन्यांत अजून पाऊलही न टाकलेला. ६ सप्टेंबरला व्हर्जिनिया टेकनं त्याला घरच्या मैदानावर ३५-२१ असं हरवलं. त्यांनी गडी पुढं दाटून उभे केले, जणू म्हणाले, पळू देणार नाही, फेकून दाखव. बॅरेटचे तीन पास त्यांनी पकडले आणि त्याला सात वेळा चेंडूसकट खाली पाडलं. मायर आणि हर्मन यांनी त्यानंतर जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. मिलरसाठी रचलेला खेळ त्यांनी बॅरेटवर लादला नाही. बॅरेट मिलरइतका चपळ नव्हता, पण त्याचा निर्णय पटकन व्हायचा. त्याला लवकर सुटणारे, मधल्या अंतराचे पास दिले आणि झोन रीडमध्ये त्याच्या पायांपेक्षा त्याच्या नजरेवर भर दिला. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे पोचवला की टचडाउन होतो. त्या मोसमात त्यानं ३४ टचडाउन फेकून आणि ११ पळून केले. एका मोसमात ४५, हा बिग टेनचा विक्रम झाला.

नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला.

तिसरा होता कार्डेल जोन्स. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची, वजन एकशे दहा किलोंच्या वर, आणि हातात तोफ. सुरुवातीपासून खेळायचा त्याचा पहिलाच सामना म्हणजे लीगचा अंतिम सामना, विस्कॉन्सिनशी. आठवड्याभरात बॅरेटचा खेळ त्याला शिकवत बसणं शक्य होतं, पण ते शहाणपणाचं नव्हतं. हर्मननं विचार केला की या मुलाची समोरच्याला भीती कशाची वाटेल? लांब पासची. जोन्सनं डेव्हिन स्मिथकडे तीन लांब टचडाउन फेकले. बचावाच्या मागच्या फळीतल्या गड्यांना मग मागंच राहावं लागलं, पुढची गर्दी विरळ झाली आणि रनिंग बॅक इझिकिएल एलियटनं त्यातून २२० यार्ड काढले. सामना ५९-०. पुढं १ जानेवारी २०१५ ला न्यू ऑर्लिन्सला अलाबामाविरुद्ध २१-६ असे मागे पडूनही ४२-३५ नं जिंकले, आणि १२ जानेवारीला ओरेगॉनला ४२-२० हरवून राष्ट्रीय विजेते झाले. एलियटचे यार्ड अनुक्रमे २३० आणि २४६. हर्मनला देशातल्या उत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. तो मिळायलाच हवा होता.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. लाइनमन तिघांच्याही काळात तीच धाव अडवून उघडत होते, रनिंग बॅक त्याच फटीतून शिरत होता. अख्खा खेळ बदललाच नव्हता. त्या धावेला कोणती भीती जोडायची, ती बदलली. मिलरच्या पायांची, बॅरेटच्या निर्णयाची, जोन्सच्या हाताची. तुम्ही कबड्डीत हात मारणारा चढाईपटू आणि लाथ मारणारा चढाईपटू यांच्यापुढं पकड करणारे गडी वेगळे उभे करता ना? तसंच इथंही बचाव क्वार्टरबॅक बघून उभा राहतो. कोचनं फक्त तो कुठं उभा राहील हे आधी ओळखायचं असतं.

पण हे दरवेळी साधत नाही, तेही सांगायला हवं. २०१५ मध्ये मिलर रिसीव्हर झाला, आणि जोन्स व बॅरेट दोघंही धडधाकट. हर्मन ह्यूस्टनला मुख्य कोच म्हणून गेला होता. मायरनं काही सामन्यांत असं केलं की मैदानाच्या मध्यावर जोन्स, आणि गोलरेषेजवळ बॅरेट. त्यामागचा विचार बरोबर होता. गोलरेषेपाशी लांब पासला जागाच उरत नाही, तिथं पाय कामाला येतात. शिवाय मायरनंच २००६ च्या मोसमात फ्लोरिडाला असताना पास फेकणारा ख्रिस लीक आणि थोड्या यार्डांसाठी घुसणारा टिम टीबो असे दोघं वापरून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, तेही ओहायो स्टेटला ४१-१४ हरवून. पण तेव्हा टीबो पहिल्या वर्षाचा पोर होता, संघ कोणाचा याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. इथं दोघांनीही संघाला विजेतेपदापर्यंत नेलेलं. संघ कोणत्या चालीचा, हेच मोसमभर ठरेना. ऑक्टोबरमध्ये बॅरेटकडे सूत्रं दिली, पण नोव्हेंबरात मिशिगन स्टेटनं घरच्या मैदानावर शेवटच्या किकवर १७-१४ असं हरवलं. त्या दिवशी एलियटला चेंडू मिळाला फक्त १२ वेळा. माझ्या मते तो पराभव खेळाडूंचा नव्हता, आखणीचा होता.

मला सगळ्यात आवडतो तो २०१८ चा मोसम. तोवर रायन डे हा कोच आक्रमणाची आखणी करायला आला होता, आणि क्वार्टरबॅक होता ड्वेन हॅस्किन्स. पळण्यात मंद, पण हात विजेसारखा. झोन रीड त्याच्या हातात नुसतं पोकळ राहिलं असतं. म्हणून प्रश्न तोच ठेवून उत्तर पासनं द्यायला लावलं. आता टोकाच्या गड्याऐवजी बचावाच्या मधल्या फळीतल्या एकाकडे बघायचं. तो धाव अडवायला पुढं आला की त्याच्या मागं रिकामी झालेल्या जागेत चेंडू फेकायचा. महाविद्यालयीन नियमांत पास असतानाही लाइनमननी तीन यार्डांपर्यंत पुढं गेलेलं चालतं, व्यावसायिक लीगमध्ये एकच यार्ड. त्यामुळे लाइनमन धाव समजून अडवत असतानाच पास फेकण्याची ही युक्ती इथं जास्त फुलली. जोडीला एकमेकांना ओलांडून आडवे पळणारे रिसीव्हर. मिशिगननं प्रत्येकाच्या मागं एक माणूस लावला, आणि त्या आडव्या पळण्यात त्यांचे गडी मागं पडत गेले. ६२-३९. हॅस्किन्सचे सहा टचडाउन पास, मोसमाचे ५०, आणि ४,८३१ यार्ड.

तरी त्यातही एक उणीव राहिलीच. हा पळत नाही हे सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे गोलरेषेजवळ धाव अडायची. मिशिगनच्या आदल्याच आठवड्यात मेरीलँडविरुद्ध सामना हातचा जाणार असं दिसल्यावर कोचनी त्या मंद पोरालाच पळायला लावलं, आणि त्यानं तीन टचडाउन पळून केले. ५२-५१ नं जिंकले. बचावाला एकदा शंका आली तरी पुरे असतं. हॅस्किन्स २०२२ मध्ये फ्लोरिडात रस्त्यावर ट्रकखाली गेला, वय २४. त्याचे सामने बघताना मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, मग हवा तसाच क्वार्टरबॅक निवडावा. पण ही विद्यार्थी मुलं. ठरावीक मोसमच खेळायची मुभा, त्यात दुखापती, त्यात चांगला असेल तो लवकर व्यावसायिक लीगमध्ये जाणार. शाळेतून मुलगा येतो तेव्हा तो पुढं नक्की काय होईल हे कोणालाच ठाऊक नसतं. आता विद्यापीठ बदलणं सोपं झालंय, त्यामुळे तयार मुलगाही मिळतो. कॅन्सस स्टेटमध्ये चार वर्षं खेळलेला विल हॉवर्ड इथं आला आणि २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेता झाला. तरीही प्रत्येक नव्या मुलाबरोबर कोचला वही पुन्हा उघडावीच लागते.

दादाला सांगून अलाबामाविरुद्धचा तो सामना लावून घ्या. शेवटची चार मिनिटंही उरलेली नसताना एलियट ८५ यार्ड पळतो, तो क्षण दोनदा बघा. दुसऱ्यांदा एलियटकडे बघू नका, इव्हान स्पेन्सर या रिसीव्हरकडे बघा. तो एकटा दोघांना अडवतो. ते बघून तुम्हाला काय वाटतं, ते मला रविवारी सांगा.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणून घ्या, आणि सकाळच्या सरावाला उभं राहणं जरा कमी करा. आईला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुमची,
मीनू